गंगापूर रोडची लॅब आणि सासूबाईंची आयजीजी टेस्ट

पाचपैकी चार स्टार. एक स्टार जिन्यासाठी कापलाय, त्याबद्दल खाली लिहितेच, पण सॅम्पल घेणं, आधीची विचारपूस, रिपोर्ट समजावून सांगणं या बाबतीत नाशकात इतकी काळजीने काम करणारी लॅब मला तरी दुसरी मिळाली नाही. ज्यांच्या घरी सीओपीडीचा (श्वासनळ्या-फुफ्फुसं कायमची खराब होऊन दम लागण्याचा आजार) पेशंट आहे आणि थंडी पडली की कफ वाढला, धाप लागली, चला ॲडमिट करा हे दरवर्षीचंच होऊन बसलंय त्यांनी जरा वेळ काढून पूर्ण वाचा, कारण ही आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या ॲन्टिबॉडीची, टेस्ट असते हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आमच्या सासूबाई निफाडकडच्या. आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. पण लग्न होऊन आल्यापासून गॅस येईपर्यंत सगळा स्वयंपाक चुलीवर, आणि चुलीत काय तर बाभळीची लाकडं, गोवऱ्या, द्राक्षाची छाटणी झाली की बागेतल्या काड्या. खोलीला खिडकी एक, ती पण छोटी. त्या धुराने फुफ्फुसं खराब होतात हे आता सगळे डॉक्टर सांगतात, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. बार्न्स यांनी तर २००९ सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात यावर लिहिलंय की सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण आहे. तरी आमच्या नातेवाइकांत अजून "बाईमाणसाला कसा होईल हा आजार, दमा असेल" असंच चालतं. दमा नाहीये. फुंकायची टेस्ट झालीये, स्पायरोमेट्री, औषधाचा पंप देऊन परत फुंकायला लावतात आणि तरीही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली राहिली की सीओपीडी म्हणतात. आईंचं खालीच राहतं (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो, पुढेही तसंच लिहिते).

पंप चालू, स्पेसर (पंपाला लावायची नळी) आहे, घरात नेब्युलायझर आहे, फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी. तरीही निफाडचा पारा उतरला की इकडे इंदिरानगरला आमच्या घरात त्यांची छाती वाजायला लागते. त्यात आता सिंहस्थाच्या तयारीत जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, धूळ काय सांगायची. दर ॲटॅकला (म्हणजे धाप-खोकला एकदम वाढला की) ॲन्टिबायोटिक आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, बरं वाटतं, महिना जातो की परत तेच. यावेळी छातीच्या डॉक्टरांनी फाइल पहिल्या पानापासून चाळली आणि म्हणाले, "ताई, फुफ्फुसाचं आपण बघतोय, पण यांना इन्फेक्शन इतक्या वेळा का होतंय ते बघू. आयजीजी, आयजीए, आयजीएम करून आणा."

आता हे काय ते मला समजलं तसं सांगते. आपल्या रक्तात इम्युनोग्लोब्युलिन नावाची प्रोटीन्स असतात, त्यालाच आपण ॲन्टिबॉडी म्हणतो. त्यात सगळ्यात जास्त असतं आयजीजी, साधारण तीन चतुर्थांश तेच. न्यूमोनियाचे जंतू वगैरे ओळखून त्यांना पकडायचं काम त्याचं. आयजीए जास्त करून नाक, घसा, श्वासनळ्या यांच्या आतल्या ओलाव्यात असतं आणि आयजीएम नवीन इन्फेक्शनला सगळ्यात आधी बनतं. आयजीजी कमी असेल तर छातीत इन्फेक्शन परत परत होऊ शकतं. ही माहिती काही आजची नाही, १९५२ मध्ये अमेरिकेत ब्रूटन नावाच्या डॉक्टरांनी एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात ही प्रोटीन्सच नाहीत हे शोधलं होतं, त्याला सारखं गंभीर इन्फेक्शन व्हायचं, मग बाहेरून ही प्रोटीन्स देऊन तो सुधारला. पण ते जन्मजात आजाराचं. सीओपीडीच्या म्हाताऱ्या माणसात पण हे बघायला पाहिजे हा विचार त्या मानाने अलीकडचा.

डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही. अमेरिका-कॅनडात सीओपीडीच्या पेशंटवर दोन मोठे प्रयोग झाले होते, एकात ॲझिथ्रोमायसिन हे ॲन्टिबायोटिक रोज वर्षभर देऊन ॲटॅक कमी होतात का बघितलं (होतात, तो २०११ ला छापून आला), दुसऱ्यात कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन देऊन बघितलं (काही फरक नाही, तो २०१४ चा). या दोन्ही प्रयोगांतल्या लोकांचं रक्त साठवून ठेवलेलं होतं, ते नंतर काढून त्यात आयजीजी मोजलं. तर साधारण चौघांतल्या एकाचं आयजीजी लिटरला ७ ग्रॅमच्या खाली निघालं, आणि ज्यांचं खाली होतं त्यांना ॲटॅक जास्त आणि ॲडमिट व्हायची वेळ पण जास्त. चौघांत एक म्हणजे काही थोडके नाहीत! पण डॉक्टर लगेच हेही म्हणाले की कमी आयजीजीमुळेच ॲटॅक येतात असं यातून सिद्ध होत नाही, दोन्ही एकत्र दिसतात एवढंच, आणि वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊनही आयजीजी उतरतं. म्हणजे ॲटॅक येतो म्हणून स्टिरॉइड, स्टिरॉइडने आयजीजी खाली, असं उलटंही असू शकतं. त्यामुळे आकडा बघून घाबरायचं नाही, पण आकडा बघायचा मात्र नक्की.

चिठ्ठी घेऊन आधी आम्ही घराजवळच्या एका मोठ्या लॅबमध्ये गेलो, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी बघितली आणि आयजीई बुक केलं. आयजीई ही ॲलर्जीची टेस्ट, ती इकडे रोज होते म्हणून त्याच्या बोटाला तीच सवय. मी पावती वाचली म्हणून लक्षात आलं. दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाला मॅडम आमच्याकडे आयजीजीचं फूड पॅनल आहे, सगळ्या पदार्थांचं कळेल, आणि त्याचा रेट ऐकून मला घामच फुटला. ते वेगळंच प्रकरण आहे, कुठला पदार्थ चालतो कुठला नाही असं सांगणारं, ॲलर्जीवाले डॉक्टर त्यावर विश्वास ठेवू नका म्हणतात, आणि आमच्या चिठ्ठीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तेही नको म्हटल्यावर "इम्युनिटी पॅकेज"चं पत्रक पुढे केलं, त्यात व्हिटॅमिन डी, बी-१२, थायरॉइड, शुगर, सगळं होतं आणि हवं ते एकच नव्हतं. आई बाहेर गाडीत बसलेल्या, धाप लागलेली, आणि मी आत पत्रक वाचतेय. फार वाईट वाटलं तेव्हा. पेशंटच्या घरच्यांना काय कळतंय असं धरूनच चालतात.

मग शेजारच्या काकूंनी गंगापूर रोडच्या या लॅबचं सुचवलं. मी आधी फोन केला आणि फोनवरच फरक कळला. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "आयजीजीच ना, म्हणजे गणपतीतला ग, तो जी? ई नाही ना?" मी म्हटलं जी. मग म्हणाल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, मी बघून सांगते. फोटो बघून परत स्वतःहून फोन. आईंना आत्ता ताप आहे का, ॲटॅक चालू आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, शेवटची कधी घेतली, फिटची काही औषधं आहेत का, हल्ली रक्त किंवा प्लाझ्मा चढवलाय का. मी विचारलं हे सगळं कशाला, तर त्यांनी नीट सांगितलं की आजारपण अंगावर असताना किंवा गोळ्यांचा कोर्स चालू असताना आकडा वर-खाली दिसू शकतो, फिटच्या काही औषधांनीही आयजीजी कमी होतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा की आत्ता घ्यायचं की आई जरा स्थिर झाल्यावर. आलेलं गिऱ्हाईक आहे, घेऊन टाकू सॅम्पल, असं केलं नाही त्यांनी. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले थांबा, कोर्स संपू दे, मग थोडे दिवस जाऊ देऊन करू.

सॅम्पल घरी येऊन घेतलं. आलेल्या ताई माझ्याहून लहान असतील, पण हात इतका हलका. आता आईंचं कसं आहे, इतक्या वर्षांच्या स्टिरॉइडने कातडी पार कागदासारखी पातळ झालीये, जरा कुठे धक्का लागला की जांभळा डाग, शीर सापडत नाही, सापडली तरी सरकते, आणि आडवं झोपवलं की जीव घाबरा होतो. हे प्रत्येक ठिकाणी आपल्याला सांगावं लागतं. इथे सांगायची वेळच आली नाही. ताईंनी आईंना खुर्चीत ताठ बसवलं, मांडीवर उशी, उशीवर हात. "आजी, आधी दम घ्या, मला घाई नाही." गरम पाण्यात भिजवलेला रुमाल मागून घेतला, तो हातावर ठेवला, तेवढ्यात गप्पा, निफाडला कुठं, बाग आहे का अजून. पट्टा उघड्या कातडीवर न बांधता ब्लाउजच्या बाहीवरून बांधला म्हणजे कातडी सोलत नाही. फुलपाखरासारखी पंखवाली बारीक सुई लावली, एकाच टोचण्यात पिवळ्या झाकणाची ट्यूब भरली. नंतर कापूस स्वतः धरून बसल्या बराच वेळ, चिकटपट्टी लावलीच नाही, म्हणाल्या काढताना आजींची कातडी निघेल, नुसती मऊ पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी हाताला डाग म्हणून नव्हता. हे मी इतकं सविस्तर लिहितेय कारण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनाच कळेल याची किंमत काय ते.

ट्यूबवर नाव, वय, वेळ आमच्यासमोर लिहिलं आणि मला वाचून खात्री करायला सांगितलं. तिन्ही टेस्ट मिळून बिल दोन हजाराच्या आत, घरी यायचे वेगळे थोडे. पावती लगेच.

रिपोर्ट आला, आयजीजी ५९२. नॉर्मल ७०० ते १६०० लिहिलेलं. आयजीए, आयजीएम दोन्ही रेंजमध्ये. आता आमच्या ह्यांनी मोबाइलवर वाचलेलं की ७ च्या खाली वाईट, आणि इथे ५९२, म्हणजे आपलं भरपूर आहे की काय, असा गोंधळ. लॅबच्या डॉक्टर मॅडमना फोन केला तर दोन मिनिटांत उलगडा, तिकडचा आकडा लिटरला ग्रॅममध्ये असतो, आपल्याकडे डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये, ७ ग्रॅम म्हणजेच ७००. म्हणजे आईंचं ५.९. कुणी असा रिपोर्ट वाचत असेल तर आधी एकक बघा, मग आकडा. मॅडम पुढे असंही म्हणाल्या की एका रिपोर्टवर शिक्का मारू नका, परत करावी लागेल, आणि परत कराल तेव्हा आमच्याकडे नाही आलात तरी चालेल पण मग पुढच्या सगळ्या एकाच लॅबमध्ये करा. लासलगावला एका काट्यावर भरलेली कांद्याची गाडी दुसऱ्या काट्यावर मोजली की वजन थोडं इकडे-तिकडे होतंच, तसंच हेही, प्रत्येक लॅबचं मशीन आणि केमिकल वेगळं असतं. मला हे फार आवडलं, स्वतःची जाहिरात न करता सांगितलं.

पुढचं काम डॉक्टरांचं, पण तेही लिहिते कारण टेस्ट करून पुढे काय हा प्रश्न मला सगळे विचारतात. त्यांनी आधी ही प्रोटीन्स कुठून गळतायत का ते बघितलं, लघवीतलं प्रोटीन केलं (किडनीतून जाऊ शकतं), रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीन्स वेगवेगळी करून बघायची टेस्ट) केली कारण रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही नॉर्मल आयजीजी दबतं. दोन्ही ठीक निघालं, जीवात जीव आला. काही काळाने आयजीजी परत केलं, याच लॅबमध्ये, थोडं वर होतं पण ७०० च्या खालीच. मग त्यांनी औषधांची सगळी घडी नव्याने बसवली. पंप समोर ओढायला लावला आणि आई श्वास आत घ्यायच्या आधीच दाबतायत हे दाखवून स्पेसरने परत शिकवलं. न्यूमोनियाची लस दिली आणि सांगितलं की आयजीजी कमी असणाऱ्यांत लस नीट लागू होईलच असं नाही, म्हणून लशीच्या आधी आणि नंतर काही आठवड्यांनी त्या जंतूच्या ॲन्टिबॉडी मोजतात, त्यावरून शरीर ॲन्टिबॉडी बनवू शकतंय का ते कळतं. ते रक्त मात्र नाशकात तपासलं जात नाही, बाहेर जातं, आणि महाग आहे. इसिजी काढून, कान तपासून ॲझिथ्रोमायसिन कमी डोसने लांब मुदतीसाठी चालू केलं, कारण त्याने काही जणांना ऐकू कमी येऊ शकतं आणि हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जरा खोकला वाढला की घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या देणं बंद. ॲटॅक खरा असेल तर पाच दिवसांचा कोर्स पुरतो, तो त्यांना विचारूनच.

एका नातेवाइकांनी सल्ला दिला की मुंबईला नेऊन इम्युनोग्लोब्युलिन चढवा, प्रश्नच मिटेल. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. ते औषध हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून बनतं, फार महाग असतं, ज्यांच्यात ॲन्टिबॉडीची खरी मोठी कमतरता सिद्ध झालीये त्यांना ते लागतंच आणि त्यांचा जीव त्यावर असतो, पण सीओपीडी आहे आणि आयजीजी थोडं खाली आहे एवढ्यावर ते द्यायचं अशी रीत नाही. शिवाय एकदा चढवून भागत नाही, साधारण तीन आठवड्यांत निम्मं उतरतं, म्हणून तिथे दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावं लागतं. आणि त्या इम्युनिटीच्या पावडरी, काढे, गोळ्या, कृपा करून त्यात पैसे घालू नका, त्याने आयजीजी वाढतं असं आम्हाला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही.

कुणी विचारेल की मग सगळ्याच सीओपीडीवाल्यांनी ही टेस्ट करायची का. माझं मत असं की वर्षात दोन-तीनदा ॲन्टिबायोटिक-स्टिरॉइड लागतंय किंवा एकदा जरी ॲडमिट करावं लागलंय त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा. ज्यांची अजून स्पायरोमेट्रीच झाली नाही त्यांनी आधी ती करावी. आणि एक फुकटची गोष्ट, घरात जुना लिव्हरचा रिपोर्ट पडलेला असतोच, त्यात टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असतं, टोटलमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन. ते (डेसिलिटरला ग्रॅममध्ये) १.८ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तो कागद डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, ॲन्टिबॉडी कमी असल्याची ती एक खूण असू शकते. आईंच्या फाइलमध्ये असे रिपोर्ट होते, ते ग्लोब्युलिन छापलेलंही होतं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही कारण सगळे बिलिरुबिन बघतात.

आता तक्रार. लॅब पहिल्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, जिना चढा आणि वळणाचा. जिथे दम लागणारे पेशंट येतात तिथे खाली एक खोली सॅम्पलसाठी ठेवायलाच हवी, निदान खाली दोन खुर्च्या आणि बेल तरी. दुसऱ्या वेळी आम्ही त्याच भागात डॉक्टरांकडे आलो होतो म्हणून वाटलं तिथेच देऊन जाऊ, तर आई चार पायऱ्यांवरच थांबल्या. फोन केल्यावर ताई खाली गाडीत येऊन सॅम्पल घेऊन गेल्या, त्यांचा चांगुलपणा, पण सोय म्हणून ती असली पाहिजे. मालकांना मी हे प्रत्यक्ष पण सांगितलंय. पार्किंग नाही, संध्याकाळी तर विचारूच नका. आणि रिपोर्टला वेळ लागतो, ही टेस्ट रोज लावत नाहीत, ठरलेल्या दिवशी एकदम लावतात, त्यामुळे डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून घ्या.

घरी बोलावणार असाल तर थंडीत सकाळी सातचा स्लॉट घेऊ नका, दहा-साडेदहाचा मागा, या टेस्टला उपाशी पोट लागत नाही, पेशंटला चहा-नाश्ता होऊ दे, पंप घेऊन होऊ दे, हात गरम असले की शीर पण लवकर मिळते. चालू औषधांची यादी आणि शेवटच्या स्टिरॉइड कोर्सची तारीख कागदावर लिहून ठेवा, त्या विचारतातच.